‘ऑफ तासा’ची चिठ्ठी

कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळच्या अधिवेशनासाठी बदलापूर-टिटवाळ्याहून येणाऱ्या शिक्षिका पहाटेच उठून डबे करतात. लोकल उशिरा आली की लेट मार्क. शाळेत पोहोचावं, तर शिपाई ‘ऑफ तासा’ची चिठ्ठी पुढे करतो : रजेवरच्या सहकाऱ्याचा तिसरा तास तुमच्याकडे. वह्या तपासायला ठेवलेला एकमेव मोकळा तास गेला.

कामाचा ताण माणसाला आजारी कधी पाडतो? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं, की नुसतं काम जास्त असणं हे कारण नव्हे. काम जास्त आणि ते कधी, कसं करायचं यात आपला शब्दच चालत नाही, ही जोडी घातक. पुढे हृदयविकारावरच्या अभ्यासांतही तिचा संबंध दिसला.

शाळेत ही जोडी ठळक दिसते. सलग तास असले, की मध्ये स्वच्छतागृहात जायला सवड नाही म्हणून अनेक शिक्षिका पाणीच कमी पितात. मग घसा कोरडा, आवाज बसलेला आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका.

जनगणना, निवडणुकीची कामं मुख्याध्यापकांना टाळता येत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच त्यांना मुभा आहे. ऑफ तासांचं वाटप मात्र त्यांच्या हातात असतं. कुणाचे किती झाले, ही नोंद शिक्षक खोलीत सर्वांसमोर लावता येते. आधी कळवलेल्या रजांचे तास आदल्या दिवशीच सांगता येतात. रात्री दहाला ग्रुपवर ‘उद्या माहिती हवी’ असा निरोप टाकणं तर सहज थांबवता येतं. खर्च शून्य.

दुसरा मुद्दा चुकांचा. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत पाहणी केली, तेव्हा चांगल्या परिचारिका-गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथे चूक सांगायची भीती कमी होती, असा उलगडा त्यांनी केला. गुणपत्रकात आकडा चुकलेला शिक्षक लगेच येऊन सांगतो की निकालाच्या दिवसापर्यंत गप्प राहतो, हे मागच्या वेळी कुणाला सर्वांसमोर झापलं होतं, त्यावर बरंचसं ठरतं.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते. गरज असेल तर समुपदेशन जरूर घ्यावं. पण शिक्षकाला तिकडे धाडण्याआधी मुख्याध्यापकांनी वेळापत्रक तपासावं. आणि ऑफ तासांच्या यादीत आठवड्यातून एकदा स्वतःचंही नाव लिहावं.