देवानं मलेच असं काहून केलं?



कपाशी गेली, सोयाबीन गेलं, की गटाच्या बैठकीत वही उघडायच्या आधीच एक प्रश्न येतो. 'बाई, देवानं मलेच असं काहून केलं?' आपल्या नांदुरा तालुक्यात, पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात, हा प्रश्न नवा नाही. विहिरीचं पाणी खारं. ते धड पिता येत नाही, धड पिकाला देता येत नाही. पाऊस झाला तर पीक, नाही तर कर्ज. अशा बाईला 'देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल' म्हणायला आमची जीभ रेटत नाही. तरी याच बायका शेगावला पायी जातात आणि हायवेवरच्या १०५ फुटी मारुतीला एसटीच्या खिडकीतून हात जोडतात. मग हा भरवसा नेमका कसला, यावर आज बोलू.

आपल्याच रेल्वेलाईनवर, जळगावला, एक बाई होऊन गेली. बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० चा, आसोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि तिशीत नवरा गेला. पदरात तीन लेकरं, घरात वाटण्या, डोक्यावर शेतीचं काम. त्यात प्लेगनं थोरल्या मुलाला, ओंकारला, कायमचं अपंग केलं. बाईला अक्षर ओळखीचं नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात निंदताना ती गाणी रचायची. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी ती उतरवून घेतली. १९५१ मध्ये ती वारली, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

तिच्या गाण्यात देव जागोजागी आहे. पण तो कुठं भेटतो ते बघा. मातीतून वर येणाऱ्या कोंबात, पिकात, राबणाऱ्या हातात. नवऱ्यामागच्या एका गाण्यात तर ती दारावर आलेल्या ज्योतिषाला सरळ परत पाठवते. कपाळाचं कुंकू पुसलं गेलं, पण आपले हात आपल्याजवळ आहेत, नशीब वाचून घ्यायची गरज नाही, असा तिचा बाणा. देवावर विश्वास आहे आणि ज्योतिषावर नाही, या दोन गोष्टी एकाच बाईच्या मनात सुखानं नांदतात. आम्हाला हे फार मोठं वाटतं.

तुकाराम महाराजांचंही तसंच. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. लोकांत तोंड दाखवायची लाज वाटली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. त्या दिवसांत त्यांनी काय केलं? विठ्ठलाचं मोडकळीला आलेलं देऊळ नीट करायला घेतलं. आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असंही परंपरा सांगते. (गटाच्या कर्जाची वही मात्र कोणी ज्ञानगंगेत नेऊ नका, बँक ऐकायची नाही.) दुःख झालंच नाही, असं या दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही. देवाला ते विचारत राहिले, भांडत राहिले, आणि त्याच वेळी हातानं काम करत राहिले.

आमच्या गटांत माळकरी आहेत, नमाज पढणाऱ्या आहेत, बौद्ध भगिनी आहेत. बौद्ध भगिनी म्हणतात, देवाला मधे आणू नका, दुःखाचं कारण शोधा. त्यावर वाद होतो, चहा होतो, आणि मग सगळ्याच कारण शोधायला लागतात.

एक गोष्ट मात्र आम्ही बैठकीत चालू देत नाही. ज्या घरातल्या शेतकऱ्यानं जीव दिला, त्या घरच्या बाईला 'मागच्या जन्मीचं काही असेल' असं म्हणायचं नाही. आमच्यातल्या एका भगिनीला हे तेराव्याच्या आतच ऐकावं लागलं. मग कोणीतरी बाबा सुचवला, शांतीचा खर्च सांगितला, आणि ती गटातून कर्ज मागायला आली. गटानं ते कर्ज दिलं नाही. आधी तिच्याजवळ बसलो, रडू दिलं, मग कागद काढले. दैवी शक्तीची भीती घालून पैसे उकळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हेही तिच्या दिराला सांगितलं. देव सोडवतो तो माणसांच्या हातून, असं ती आता म्हणते. आम्ही फक्त झेरॉक्स काढल्या होत्या.

कागदांचं सांगतो, कारण इथंच बायका मागं पडतात. शेतकऱ्यानं कर्जापायी आत्महत्या केली तर वारसाला शासनाची एक लाख रुपये मदत आहे. त्यातले ३० हजार हातात मिळतात आणि ७० हजार ठेवीत राहतात. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. म्हणून पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा आणि कर्जाचा पुरावा एका पिशवीत ठेवा. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं असावं लागतं, हातउसन्याचा कागद चालत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला तलाठ्याकडं लगेच अर्ज द्या आणि पोच घ्या. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये. बाईला एकटीला पाठवू नका, गटातल्या दोघी सोबत जा.

आणि घरातला माणूस गप्प झाला असेल, जेवत नसेल, रात्री शेतातच बसून राहत असेल, तर नवस बोला, जरूर बोला, पण त्याच दिवशी १४४१६ हा नंबरही लावा. फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. नंबर चुलीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, मोबाईल नेमका तेव्हाच सापडत नाही.