हाड मोडते म्हणजे नेमके काय होते?

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि पुढे वाशी, नेरूळ, बेलापूर या वसाहती उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या काळात येथे तरुणपणी घर घेतलेले आपले बांधव आज सत्तरीच्या घरात किंवा त्याहून पुढे आहेत. त्यांतील कित्येक जण लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींचे जिने रोज चढतात-उतरतात. म्हणूनच अस्थिभंगाविषयी थोडे सविस्तर लिहावे, असे आम्हांला वाटले.

हाड मुख्यतः दोन कारणांनी मोडते. पहिले कारण सर्वांना ठाऊक आहे : मजबूत हाडावर मोठा आघात. सायन-पनवेल महामार्गावर दुचाकी घसरली की बहुधा नडगीला मार बसतो. नडगीवर मांसाचे आवरण फार थोडे असल्याने हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर येऊ शकते. यास उघडा अस्थिभंग म्हणतात. त्यात जंतुसंसर्गाचे भय असल्याने जखम स्वच्छ कापडाने झाकून रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. कातडी शाबूत राहिल्यास तो बंद अस्थिभंग होय. आघाताच्या दिशेप्रमाणे हाड आडवे, तिरके किंवा पिळवटून मोडते. जोर फार असल्यास त्याचे तुकडे होतात. लहान मुलांचे हाड मात्र ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने नुसते वाकते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. वयपरत्वे, विशेषतः स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर, हाडे आतून विरळ होतात. मग न्हाणीघरातील ओल्या फरशीवर घसरण्याचे निमित्तही पुरते. हात टेकून पडल्यास मनगट मोडते, कुशीवर पडल्यास खुबा. पाठीचा मणका तर न पडताही, वाकून बादली उचलताना दबू शकतो. आजींची उंची कमी झाली, पाठीला बाक आला, तर ते केवळ वय समजून सोडून देऊ नये. क्षुल्लक पडण्याने मोडलेले हाड ही पुढच्या अस्थिभंगाची पूर्वसूचना असते. अशा वेळी प्लॅस्टर निघाले की काम संपले असे न मानता हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी.

खुब्याचा अस्थिभंग झाल्यास पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. काही वेळा मात्र हाड एकमेकांत रुतून बसते आणि रुग्ण लंगडत चालतोही. ‘चालता येते, म्हणजे मुका मार असेल,’ हा समज तेव्हा महागात पडतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना न्यूमोनिया, शय्याव्रण व रक्ताच्या गाठी यांचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत करावी, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. वयाचे कारण सांगून घरचेच ती लांबवतात, हे आम्ही खेदाने पाहिले आहे.

तेल चोळणे, पाय ओढणे, बांबूच्या कामट्या घट्ट बांधणे हे प्रकार अद्याप थांबलेले नाहीत. घट्ट बंधनाने रक्तपुरवठा तुटून अवयव गमावण्याची वेळ येते. हाड चुकीचे जुळले तर काय होते, हे लोयोलाच्या संत इग्नाशियसांच्या चरित्रात दिसते. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. तो पुन्हा मोडून बसवावा लागला, तरीही ते पुढे लंगडतच चालले.

घरात कोणी पडल्यास त्यांस घाईने उठवू नये. मोडलेला भाग आहे त्याच स्थितीत उशीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने काही खाऊ-पिऊ घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.