संघात न घेतलेल्या मुलांचा खेळ

मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं मोठं गाव. जवळच सीना नदी आहे, पाऊस झाला तर वाहणारी. आणि पलीकडे बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका. त्या तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसला 8 मिनिटं 11.20 सेकंदांत दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटपासून तो फक्त पाच शतांश सेकंद मागे होता. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. 2024 च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91 असा राष्ट्रीय विक्रम केला आणि महिन्याभरात त्याच शहरात ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला.

साबळेच्या लहानपणाची एक गोष्ट सगळीकडे छापून आली आहे. गावात वाहनाची सोय नव्हती, म्हणून तो सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. बारावीनंतर तो 5 महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला आणि 2015 मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्रीत उतरला. तीन वर्षांनी, 2018 मध्ये, त्याने गोपाल सैनीचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. शर्यतीचं तंत्र त्याला सैन्याने शिकवलं. दम मात्र शाळेच्या वाटेवरच भरला होता.

आता ती वाट सरली आहे, आणि ती सरली हे बरंच झालं. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. योजनेला नाव अहिल्यादेवी होळकरांचं, आणि त्यांचं जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात. पास आला, मोटारसायकल आली, स्कूलबस आली. वाड्यावस्त्यांवरच्या मुली दहावीपर्यंत टिकू लागल्या. पण रोज नकळत होणारा तासाभराचा व्यायामही त्याबरोबर गेला. त्याची भरपाई शाळेच्या वेळापत्रकात एकाच जागी होऊ शकते: पी. टी.च्या तासाला.

हिशोब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं धाप लागेल इतपत हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत. आठवड्याला ही 420 मिनिटं झाली. 35 मिनिटांचे तीन तास धरले तर शाळा त्यातली 105 देते, म्हणजे पाव हिस्सा. त्यातून हजेरी, रांगा आणि मैदानावर जाणं-येणं वजा करायचं. सहामाही जवळ आली की गणिताचे सर तोच तास मागून घेतात, तेही वजा करायचं. जगभरातल्या 11 ते 17 वयाच्या मुलांपैकी सुमारे 81 टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत, असं याच संघटनेच्या संशोधकांनी 2016 च्या माहितीवरून मांडलं होतं. त्यात मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा वाईट.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. पुढे त्याचंच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाभ्यास प्रयोगशाळेत तपासायला घेतला. काँग्रेसचं पहिलं प्रांतिक सरकार आल्यावर मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षण समितीची धुरा त्यांच्याकडेच आली, आणि 1938 मध्ये कांदिवलीला शिक्षक तयार करणारी संस्था उभी राहिली. या मंडळींना शाळेतला प्रत्येक मुलगा घडवायचा होता.

पुढे मात्र शाळांची नजर ढालींवर स्थिरावली. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची शिडी आणि 14, 17 व 19 वर्षांखालचे गट. ठरावीक पायरी गाठणाऱ्याला दहावी-बारावीत क्रीडागुणांची सवलत मिळते. ही शिडी हवीच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला. पण ऑगस्टमध्ये कबड्डीचा संघ निवडला की बारा जणांचा सराव सुरू होतो आणि वर्गातली उरलेली पोरं लिंबाखाली बसून टाळ्या वाजवतात. शारीरिक शिक्षणाचा विषय खरं तर या उरलेल्यांचा आहे.

त्याची मुळाक्षरं मोजकी आहेत: दम, ताकद, स्नायूंची चिकाटी, लवचीकता आणि उंचीच्या मानाने वजन. खेलो इंडियाची शालेय चाचणी जवळपास हेच मोजते. मोठ्या मुलांसाठी त्यात 50 मीटर वेगाने धावणं, 600 मीटर पळत किंवा चालत पूर्ण करणं, बसून पायांच्या दिशेने हात पुढे नेणं, पोटाचे व्यायाम आणि जोर येतात. त्यासाठी फीत, स्टॉपवॉच आणि चुन्याची रेघ एवढंच साहित्य पुरतं. ही चाचणी घ्यायची ती मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी करण्यासाठी. वर्गात पहिला कोण, हे त्यातून शोधायला गेलं की पुन्हा ढाल आली.

तासाची बांधणीही जुन्या शिक्षकांना पाठ असते. पाच-सात मिनिटं वॉर्मअप: संथ धावणं, सांधे मोकळे करणं. मग एखादं कौशल्य, मग त्याच कौशल्याचा खेळ, शेवटी श्वास खाली येईपर्यंत चालणं आणि स्नायू ताणणं. कर्जत तालुका अवर्षणातला. फेब्रुवारी सरला की दुपारचं मैदान तापतं, म्हणून पळापळीचा तास सकाळच्या सत्रात हवा आणि पिण्याचं पाणी मैदानालगत. उन्हात उभं ठेवणं किंवा फेऱ्या मारायला लावणं ही शिक्षा झाली की मुलांच्या मनात धावणं आणि अपमान यांची गाठ बसते, ती पुढे सुटत नाही.

साठ मुलं आणि एक चेंडू, हे गणित कुठल्याच खेळात सुटत नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ बसलेले असतात, पळणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात. 27 बाय 16 मीटरचं एकच मैदान आखलं तर अख्खा वर्ग प्रेक्षक होतो. खांब सोडून लहान-लहान तीन मैदानं आखली, बसणारे चार केले, डाव दोन मिनिटांचा केला, की तोच खेळ सगळ्यांना धाप लावतो. लंगडी, लगोरी, साखळी यांना तर साहित्य जवळपास लागतच नाही. कबड्डीत बाद झालेला बाहेर बसतो. वर्गातल्या खेळात त्याला पाच जोर किंवा दहा उड्या मारून परत आत घेता येतं. जो सर्वांत आधी बाद होतो, त्यालाच सरावाची सर्वाधिक गरज असते.

अशा साध्या खेळातून पुढची वाटही निघते. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. 2016 मध्ये रिओला ती स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी प्रियांका इंगळेच्या, तर पुरुषांनी प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली जिंकला. दोघेही महाराष्ट्राचे.

करमणुकीचं म्हणाल तर नगरच्या दक्षिण भागात ती यात्रेतल्या कुस्त्यांच्या हंगाम्यात सापडते. दुपारी आखाडा भरतो, आधी बारकी पोरं रेवड्यांवर कुस्त्या करतात आणि दिवस कलताना इनामाच्या जोड्या लागतात. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्र केसरीचा एक आखाडा थेट कर्जतला भरला आणि वेताळ शेळके विजयी झाला. त्याआधी दोनच महिन्यांच्या आत, दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत, अहिल्यानगर शहरात पृथ्वीराज मोहोळने गदा उचलली होती. रेवडीच्या कुस्तीत मात्र एक शहाणपण आहे: हरलेल्या पोरालाही चार रेवड्या मिळतात, आणि पुढच्या गावच्या यात्रेला तो पुन्हा लंगोट कसतो.

मुलींना हा आखाडा क्वचितच मिळतो. आठवी-नववीत त्या मैदानातून हळूहळू कमी होतात. कारणं ठाऊक आहेत, पण ती फारशी बोलली जात नाहीत: ओढणी सांभाळत पळता येत नाही, कपडे बदलायला खोली नाही, पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचं कळत नाही, सरावाला थांबलं तर शेवटची एसटी चुकते. ट्रॅकपँट आणि टी-शर्टचा गणवेश, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, विश्वासाच्या एक बाई आणि शाळेच्या वेळेतच सराव एवढ्याने मैदानावरची गर्दी बदलू शकते.

पैशाची बाब लहान आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी माध्यमिक शाळेला खेळ साहित्यासाठी वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यात चेंडू, दोऱ्या, शंकू, फीत आणि घड्याळं येतात. शिक्षक त्यात येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी अडचण तीच असते. तरीही एक वही कुठलीही शाळा आजपासून ठेवू शकते: जूनमधला आणि जानेवारीतला प्रत्येक मुलाचा 600 मीटरचा वेळ. जूनमध्ये ते अंतर चालत पुरं करणारी नववीतली मुलगी जानेवारीत अर्धं पळत गेली, तर तिला कुठली ढाल मिळणार नाही. पण पालकसभेत गणिताच्या गुणांबरोबर तिचे हे दोन आकडेही वाचून दाखवता येतील.