परका, परदेशी आणि परकीयद्वेष

‘पर’ म्हणजे दुसरा. या दोन अक्षरांपासून आपल्या भाषेत परका, परकीय, परदेशी, परप्रांतीय, परस्थ असे कितीतरी शब्द निघाले आहेत. यांपैकी एकाही शब्दाच्या मूळ अर्थात वैर नाही. जो आपल्या घरचा, गावचा किंवा देशाचा नव्हे तो परका, एवढेच त्यांचे सांगणे. वैराची भावना सांगावयाची झाली म्हणजे आपण त्यांना दुसरा शब्द जोडतो आणि ‘परकीयद्वेष’ असा सामासिक शब्द तयार होतो.

हा षष्ठी तत्पुरुष समास आहे; पण त्याचा विग्रह ‘परकीयांचा द्वेष’ असा केला, की अर्थाला दोन वाटा फुटतात. परकीयांनी केलेला द्वेष, की परकीयांविषयी आपल्याला वाटणारा द्वेष? रूढीने दुसरा अर्थ पक्का केला आहे. तरी वाक्यात हा समास फोडून लिहावयाचा असेल, तेव्हा ‘परकीयांविषयी द्वेष’ असेच लिहावे. इंग्रजीत याच अर्थी ‘झेनोफोबिया’ हा शब्द वापरतात. तो दोन ग्रीक शब्दांच्या जोडणीतून बनला आहे. त्यातील ‘फोबोस’ म्हणजे भय आणि ‘झेनोस’ म्हणजे परका. परंतु गंमत अशी, की ‘झेनोस’ याचा दुसरा अर्थ पाहुणा असाही होतो. दारात उभा राहिलेला अनोळखी मनुष्य भ्यावयाचा की पाटावर बसवावयाचा, हे त्या शब्दाने ठरवून ठेवलेले नव्हते.

मनातल्या प्रत्येक परकेपणाला द्वेष म्हणू नये. नव्या माणसाशी बोलण्यास जीभ रेटत नाही, तो दुरावा. एकाच पंगतीत आपल्या माणसाला तूप आणि त्याला कोरडी पोळी वाढली, तर तो दुजाभाव. त्याचे चांगले झालेले पाहवत नाही, तो आकस. त्याची भाषा, त्याचे अन्न, त्याचा वेष यांची किळस येऊ लागली, म्हणजे तिटकारा. आणि त्याचे वाईट व्हावे अशी इच्छा मनात मूळ धरू लागली, म्हणजे द्वेष. हे शब्द असताना साध्या दुराव्यालाही सरसकट द्वेष म्हणून टाकण्याची जी सवय अलीकडे दिसते, ती मला पटत नाही. त्याने दुरावा वाढतो आणि खऱ्या द्वेषाला मात्र वेगळे नाव उरत नाही.

परक्यांना दिलेली नावेही काळाबरोबर बदलतात. ‘यवन’ हे मूळचे ग्रीकांचे नाव. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील एक लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या दात्याने भिक्षूंसाठी कोरविले. तेथील शिलालेखात तो उत्तरेकडील ‘योनक’, म्हणजे यवन, असल्याचे स्पष्ट कोरलेले आहे. त्यात लाज नाही आणि शिवीही नाही. पुढे हाच शब्द मुसलमान राज्यकर्त्यांना लावला जाऊ लागला आणि बखरींच्या काळापर्यंत त्याला वैराची धार आली. युरोपातील फ्रँक लोकांच्या नावावरून फारसीच्या मार्गाने ‘फिरंगी’ आला. तो आपल्याकडे मुख्यतः पोर्तुगिजांना चिकटला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मात्र या सर्व युरोपीय व्यापाऱ्यांना ‘टोपीकर’ म्हटले आहे. त्यांच्याविषयी सावध राहण्यास अमात्य बजावतात ते त्यांच्या टोपीमुळे नव्हे; त्यांच्या पाठीमागे त्यांचे राजे आहेत आणि त्यांना येथे राज्य हवे आहे, हे त्यांनी ओळखले होते म्हणून.

‘गनीम’ या शब्दाची कथा तर उलटीच आहे. गनीम म्हणजे शत्रू, लुटारू. मोगल दरबारात हा शब्द मराठ्यांना लावीत. मराठ्यांनी तोच शब्द उचलला आणि आज ‘गनिमी कावा’ हा शब्दप्रयोग आपण अभिमानाने उच्चारतो.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. धुळे जिल्ह्यात तापीच्या काठी थाळनेर हे गाव आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारुकी घराणे बाहेरून आले व तेथे सत्ताधीश झाले. त्यांच्या कबरी आजही तेथे आहेत. ‘खानदेश’ हे नावसुद्धा त्यांच्या ‘खान’ या पदवीवरून पडले, असे एक मत आहे. याच थाळनेरचा किल्ला 1818 साली इंग्रजी फौजेने घेतला, आतील शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिले. त्यानंतर या मुलखात इंग्रजांविषयी जो संताप होता, त्याला परकीयद्वेष म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही चूक ठरेल. तो परक्या सत्तेला विरोध होता. अमळनेरच्या शाळेत शिकविणारे साने गुरुजी त्याच सत्तेशी लढताना 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात होते. आणि पुढे प्रांताप्रांतांतील परकेपणा जावा म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली तीही त्यांनीच.

‘परदेशी’ या शब्दाने मात्र मला स्वतःला एकदा खाली पाहावयास लावले. आपल्या जळगाव-धुळे भागात या आडनावाची पुष्कळ घरे आहेत. त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून आले. लोकांनी त्यांना परदेशी म्हटले आणि तेच आडनाव झाले. मी नवा शिक्षक होतो. हजेरी घेताना हे आडनाव आले, तेव्हा वर्गाला हसविण्यासाठी मी विचारले, “काय रे, तू कोणत्या देशाचा?” वर्ग हसला. तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मी आठलाच शे, गुरुजी.” मी येथलाच आहे, असे त्याने अहिराणीत सांगितले. मी स्वतः पुण्याकडून आलो होतो आणि ‘आठला’ म्हणजे येथला, हे मला शेजारच्या मुलाला विचारून घ्यावे लागले. दुपारच्या सुट्टीत त्याला ‘विलायती’ म्हणून चिडविणारी मुले मी पाहिली, तेव्हा त्यांना रागावण्यास मला तोंड उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी वर्गासमोर मी त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. फक्त नेहमीपेक्षा जरा मोठ्याने “हजर” म्हणाला.