कांदा चाळीत जाण्याआधी

साठवणीच्या चाळीत कांदा सडला की सगळे चाळीला नावं ठेवतात. पत्रा तापतो, हवा खेळत नाही, जागाच ओलसर आहे. चांदवड तालुक्यातल्या या कांदेवाल्या घरात सून म्हणून आले, तेव्हापासून दर पावसाळ्यात मी ही बोलणी ऐकते आहे. आता शेतीचा हिशोब माझ्याकडे असतो. जुन्या वह्या उलटून पाहिल्यावर माझं मत असं झालंय, की कांदा किती टिकणार हे तो चाळीत शिरण्याआधीच ठरलेलं असतं. चांगली चाळ ते टिकवणं सांभाळते, एवढंच.

शहरातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. आमच्याकडे कांदा तीनदा निघतो : खरिपाचा लाल, त्यामागून रांगडा आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाळ. पहिले दोन टिकाऊ नाहीत, काढले की बाजारात न्यायचे. साठवायचा तो उन्हाळच. देशातल्या एकूण कांद्यात या रब्बी पिकाचा वाटा सुमारे ६५ टक्के आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवा खरीप येईपर्यंत सगळ्या देशाची फोडणी त्याच्यावर चालते. साध्या साठवणीत चार-सहा महिन्यांत यातला ३० ते ४० टक्के माल जातो, असं जाणकार सांगतात. अन्नाची नासाडी म्हटलं की लोकांना लग्नातली उष्टी पानं आठवतात. हा कांदा तर कुणाच्या पानापर्यंत पोचलेलाच नसतो.

माल जायच्या वाटा तीन, आणि प्रत्येकीचे महिने ठरलेले. मे-जूनच्या उन्हात वजन घटतं. कांद्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणीच असतं, आणि तो जिवंत असल्यामुळे श्वासही घेत असतो. ही घट कुणाला दिसत नाही, काट्यावर कळते. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की जुलै-ऑगस्टमध्ये सड आणि काळी बुरशी. पुढे हवा गार होऊ लागली की कोंब. सासूबाई जुलैत भल्या पहाटे चाळीच्या कडेकडेने चालत जातात. कुठल्या कप्प्यात सड लागली हे त्यांना वासावरून कळतं, आणि त्या दाखवतील तिथूनच आम्ही चाळ फोडतो. एक सडका कांदा शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो, त्यामुळे तिथे उशीर चालत नाही.

पण ती सड आत येते कुठून? बहुतेक वेळा मानेतून. कांदा नीट पिकला की पात आपोआप आडवी पडते, मान बारीक होऊन मिटते. निम्मी पात पडली की काढणीला यायचं, असं कृषी विद्यापीठांपासून राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेपर्यंत सगळे सांगतात. लागवडीला दोन महिने झाल्यावर युरिया द्यायचा नाही आणि काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडायचं, हेही सांगतात. हे आमच्या गावात कुणाला माहीत नाही असं नाही. तरी उशिरा युरिया पडतो, शेवटचं पाणीही दिलं जातं, कारण त्याने कांदा फुगतो आणि वजन भरतं. मान मात्र जाड राहते, ओली राहते. बुरशीला तेवढं पुरतं.

मग कापणी. काढणी-कापणी आमच्याकडे एकराच्या हिशोबाने उक्ती दिली जाते. उक्त्या कामात हात पळतो, आणि तो पळणारच. उन्हात वाकून बसलेल्या बाईला जास्त एकर झाले तर जास्त पैसे मिळणार असतात. मग पात मुळापासून साफ छाटली जाते, कांदा लांबून ढिगावर फेकला जातो. खरं तर इंच-दीड इंच मान ठेवून कापायला हवं. छाटलेली मान उघडीच राहते, आणि आपटलेल्या कांद्याचा मार महिन्याभराने काळा पडून दिसतो. म्हणून साठवणीच्या मालाचं काम आम्ही आता रोजंदारीने देतो. खर्च वाढतो, घरात त्यावरून कुरकुरही होते, पण वहीत ते पैसे भरून आलेले दिसतात.

काढल्यावर तीन-चार दिवस कांदा शेतातच ओळीने पसरायचा, एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यांवर येईल असा, म्हणजे ऊन थेट लागत नाही. कापल्यावर दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या सावलीच्या दिवसांनी पडतो, आणि घाईत नेमके तेच गाळले जातात. कारण साधं आहे : एप्रिलमध्ये आभाळ भरून आलं की अवकाळीच्या भीतीने माणूस ओला-सुका सगळा माल उचलून चाळीत ढकलतो. चाळीला सरकारी अनुदान मिळतं. कांदा सुकवायला साध्या सावलीच्या शेडला तितक्याच अगत्याने मिळालं, तर मला वाटतं तो पैसा जास्त कामी येईल. भरण्याआधी जोड कांदा, फुलाचा दांडा आलेले डेंगळे, जाड मानेचा, मार लागलेला असा माल बाजूला काढून आधी विकायचा, हे ओघानं आलंच.

चाळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला हवा, कप्पा चार फुटांपेक्षा रुंद नको, थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नको. रुंदी वाढली की मधल्या मालाला हवा लागत नाही, उंची वाढली की तळचा दबतो.

शहरातली नातेवाईक मंडळी हमखास विचारतात, कोल्ड स्टोरेज का नाही करत? कांदा शून्य ते दोन अंशांवर छान राहतो, नाहीतर २५ ते ३० अंशांवर, कोरड्या हवेत. अधल्यामधल्या गारव्यात त्याला कोंब फुटतात. थंडीतून बाहेर काढला की त्याला पाणी सुटतं आणि कोंबही झपाट्याने येतात. विजेचं बिल वेगळंच. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरणांच्या हलक्या मात्रेने कोंब थांबतात, ही पक्की गोष्ट आहे. पण त्याने सड थांबत नाही आणि वजनही घटायचं राहत नाही. जाड मानेचा ओला कांदा कुठल्याही यंत्रातून काढला तरी तो तसाच राहणार.

आता भावाचं. मेमध्ये क्विंटलला १,२०० रुपये मिळत असताना कुणी १०० क्विंटल चाळीत भरले आणि ऑक्टोबरात ७० उरले, तर नुसती बरोबरी साधायला १,७१४ रुपये भाव लागतो. निवडायची मजुरी वेगळी. त्यात सरकारचा निर्णय कधी येईल सांगता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उघडली. शेतकरी भावाची वाट बघतो तेव्हा कांदा थांबत नाही. त्याला लोभी म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून बघावं.

आणि लिलावात टिकाऊपणाला भाव नाही. व्यापारी ट्रॅक्टरवर चढतो, आकार बघतो, रंग आणि वरच्या सालीची पत्ती बघतो, आणि बोली लावतो. युरिया कधी टाकला, पाणी कधी तोडलं, किती दिवस सुकवला, हे कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. फुगवलेल्या कांद्याला आणि सुकवलेल्या कांद्याला एकच भाव मिळत असेल, तर वजन सोडून सुकवणारे थोडेच निघणार. गावोगावच्या शेतकरी कंपन्यांनी सुकवलेला, निवडलेला माल वेगळा ठेवून वेगळ्या भावाने विकून दाखवला, तरच ही सवय बदलेल. नुसत्या शिबिरांनी ती बदललेली नाही.

तुमच्या हातातही थोडं आहे. कांदा घेताना मान दाबून बघा. बारीक, कडक मानेचा घ्या, भले तो मध्यम आकाराचा असेना. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा, टोपलीत मोकळा ठेवा, बटाट्यांपासून लांब. आणि कोंब आलेला कांदा फेकू नका. कोंबासकट चिरून भाजीत घाला, चांगला लागतो.