गांडीव, स्यमंतक, थोरचा हातोडा: रोलप्लेइंग गेममध्ये पौराणिक वस्तू ‘खजिना’ म्हणून द्यायच्या तर कशा?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा सीझन २०२२ मध्ये आला आणि ‘वेक्ना’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. मालिकेतली मुलं त्या राक्षसाला हे नाव देतात ते त्यांच्या आवडत्या खेळातून, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधून. पण या खेळात वेक्नाचं नाव पहिल्यांदा आलं ते खजिन्याच्या यादीत. १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणी पुस्तकात ‘वेक्नाचा हात’ आणि ‘वेक्नाचा डोळा’ अशा दोन वस्तू होत्या. हात वापरायचा तर आधी स्वतःचा हात गमवायचा. डोळा बसवायचा तर स्वतःचा डोळा काढून टाकायचा.

ताकद मिळणार, पण किंमत मोजून. महाभारत वाचलेल्या किंवा ऐकलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. भारतात हा खेळ खेळणारे अनेक गट आता आपल्या पुराणातल्या वस्तू खेळात आणू पाहतात. पण ब्रह्मास्त्र किंवा थोरचा हातोडा खेळाडूच्या हातात दिला की खेळाची मजा वाढण्याऐवजी तो कोलमडू शकतो. असं का होतं? आणि ते टाळायचं कसं?

हा खेळ नेमका काय असतो?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण ‘डन्जन मास्टर’ म्हणजे डीएम असतो. तो गोष्ट सांगतो, राक्षस आणि गावकरी सगळे तोच रंगवतो. खेळाडू आपण काय करणार ते सांगतात आणि २० बाजूंचा फासा टाकून ते जमलं की फसलं हे ठरतं. अशी गोष्ट अनेक बैठकांमध्ये, कधी कधी वर्षभर चालते. तिला ‘कॅम्पेन’ म्हणतात.

या प्रवासात पात्रांना खजिना मिळतो. सोनं लवकर विसरलं जातं. लक्षात राहते ती जादुई वस्तू.

गडबड कुठे होते?

समजा, पाच जणांच्या गटात एकाला ब्रह्मास्त्र मिळालं. डीएमनं वहीत लिहिलं: ‘प्रचंड नुकसान करणारं अस्त्र’. पुढच्या प्रत्येक लढाईत तो खेळाडू अस्त्र सोडतो आणि लढाई संपते. बाकीचे चौघं मोबाइल बघत बसतात. मग डीएम राक्षस आणखी तगडे करतो. ते राक्षस अस्त्र नसलेल्या चौघांना चिरडतात. दोन-तीन बैठकांनंतर कुणाला तरी ‘काम’ निघतं आणि कॅम्पेन बंद पडते.

दोष ब्रह्मास्त्राचा नाही. डीएमनं मूळ कथेतून फक्त ताकद उचलली आणि अट तिथेच सोडून दिली.

पुराणातली वस्तू अटीसकट येते

मूळ कथा नीट पाहिल्या तर खेळाचे नियम त्यात जवळजवळ तयारच सापडतात.

एकदाच वापर: इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येऊन कर्णाची कवचकुंडलं मागून घेतो. त्या बदल्यात कर्णाला वासवी शक्ती मिळते. ती एकाच शत्रूला मारणार आणि इंद्राकडे परत जाणार. जिवावर बेतलेलं नसताना, हाताशी दुसरी अस्त्रं असताना वापरली, तर ती उलटणार. कर्ण ती अर्जुनासाठी राखून ठेवतो, पण युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कच कौरवांची सेना उद्ध्वस्त करायला लागतो आणि ती त्याच्यावर सोडावी लागते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मुळे मराठी वाचकाच्या मनात घर केलेल्या कर्णाची ही कोंडी प्रत्येक खेळाडूला कळते: आत्ता वापरू की राखून ठेवू?

पात्रता: सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघंही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. अर्जुन ते मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही आणि तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो. अस्त्र सोडण्याची विद्या दोघांकडे आहे, आवरण्याचं सामर्थ्य एकाकडेच.

रोजची मर्यादा: सूर्यानं युधिष्ठिराला दिलेल्या अक्षय पात्रातलं अन्न संपत नाही, पण द्रौपदी जेवेपर्यंतच. तिचं जेवण झाल्यावर दुर्वास ऋषी शिष्यांसह येतात आणि खरा पेच तिथे सुरू होतो.

जोडीची वस्तू: नॉर्स कथांमधल्या थोरला हातोडा पेलायला लोखंडी हातमोजे लागतात. त्याच्याकडे बळ वाढवणारा कमरपट्टाही आहे. हातोड्याचा दांडा आखूड आहे, कारण तो घडवला जात असताना लोकी माशीच्या रूपात कारागिराला चावला होता.

चुकीची निवड: १४८५ मध्ये छापलेल्या थॉमस मॅलरीच्या ग्रंथात मर्लिन राजा आर्थरला विचारतो, तुला तलवार जास्त आवडते की म्यान? आर्थर तलवार म्हणतो. मर्लिन सांगतो की म्यान दहा तलवारींच्या मोलाचं आहे, कारण ते जवळ असेपर्यंत जखमेतून रक्त वाहणार नाही. पुढे मॉर्गन ते म्यान चोरून पाण्यात फेकते.

खेळाच्या नियमात हे कसं बसतं?

खेळ बनवणाऱ्यांनी या कथांमधून बरंच उचललं आहे. ‘हॅमर ऑफ थंडरबोल्ट्स’ हा जादुई हातोडा त्याचं सरळ उदाहरण. खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्याची पूर्ण ताकद मिळवायची तर विशिष्ट कमरपट्टा आणि हातमोजे आधी अंगावर असावे लागतात. थोरची अट थेट नियमात आली आहे.

याच आवृत्तीत ‘अट्यूनमेंट’ नावाची सोय आहे. शक्तिशाली वस्तूशी पात्राला नातं जोडावं लागतं आणि एका वेळी जास्तीत जास्त तीनच वस्तूंशी ते जोडता येतं. चौथी हवी तर आधीची एक सोडा.

सगळ्यात वरच्या दर्जाच्या वस्तूंना ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतात. त्यांच्यात फायद्यासोबत तोटेही असतात आणि त्या नष्ट करण्याचा मार्गही ठरलेला असतो. वेक्नाचा हात आणि डोळा नष्ट करायचे, तर दोन्ही एकाच जिवाच्या अंगावर हवेत आणि तो जीव ‘कास’च्या तलवारीनं मरायला हवा. अशी अट पूर्ण करणं हीच एक मोठी मोहीम होते.

एक उदाहरण: स्यमंतक मणी

गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की खोटा आळ येतो, हे मराठी घरांमध्ये आजही सांगितलं जातं. त्यावरचा उतारा म्हणून स्यमंतकाची कथा ऐकतात. ही कथा कॅम्पेनसाठी फार सोयीची आहे.

सूर्यानं सत्राजिताला दिलेला हा मणी रोज आठ भार सोनं देतो. कृष्ण तो उग्रसेन राजासाठी मागतो, सत्राजित देत नाही. सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी घालून शिकारीला जातो आणि परतत नाही. संशय कृष्णावर येतो.

खेळात हेच असं आणता येईल. खेळाडू एका गावात येतात. सावकाराकडे सोनं देणारा मणी आहे. गटातला कुणीतरी त्याची किंमत विचारणारच! दुसऱ्या दिवशी सावकाराचा भाऊ मण्यासकट गायब. आळ कुणावर येणार हे सांगायला नको.

मग माग काढत जंगलात जायचं. आधी मेलेला घोडा आणि माणूस, पुढे मेलेला सिंह, त्यापुढे एक गुहा. गुहेत एक लहान मूल मण्याशी खेळतंय आणि त्याचा रखवाला आहे जांबवानासारखा बलाढ्य, पण दुष्ट नसलेला अस्वलराजा. लढायचं की बोलायचं?

आणि मणी मिळाल्यावर? ठेवला तर गावाचा आळ खरा ठरतो. परत केला तर रोजचं सोनं जातं. शिवाय परत करूनही प्रश्न सुटत नाही, कारण मूळ कथेत पुढे शतधन्वा मण्यासाठी सत्राजिताचाच खून करतो. विष्णुपुराणात तर अट आणखी कडक आहे: शुद्ध माणसाकडे मणी भरभराट आणतो, अशुद्धाचा जीव घेतो.

हा खजिना गटातल्या सगळ्यांना कामाला लावतो. चोर पुरावे शोधतो, योद्धा गुहेच्या दारात उभा राहतो आणि गोड बोलणारा गावकऱ्यांना समजावतो.

श्रद्धेचं काय?

थोरच्या हातोड्याला आकडे लावले तर टेबलावर बहुधा कुणी दुखावणार नाही. सुदर्शन चक्राचं तसं नाही. खेळाच्या १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात भारतीय देवतांनाही राक्षसांसारखे ताकदीचे आकडे दिले होते. २०१२ मध्ये ‘स्माइट’ या व्हिडिओ गेममधल्या कालीच्या चित्रणावर आक्षेप घेतले गेले. ज्या देवतेची घरात रोज पूजा होते, तिची वस्तू लुटीचा माल म्हणून वाटून घेणं काहींना खटकू शकतं.

यावरचा उपाय साधा आहे. पहिल्या बैठकीआधी ‘सेशन झिरो’ ही चर्चेची बैठक घेण्याची पद्धत आहे. काय चालेल, काय नको, हे तिथेच विचारायचं. एकालाही नको असेल, तर नाव बदलायचं आणि अट ठेवायची. स्यमंतकाऐवजी ‘सूर्यमणी’ म्हटलं तरी गोष्ट तितकीच चालते.

वस्तू देण्याआधी डीएमनं विचारायचे पाच प्रश्न

१. ही वस्तू कुणाची होती आणि तो परत मागायला येईल का?

२. ती किती वेळा आणि कधी वापरता येईल?

३. वापरणाऱ्याला काय गमवावं लागेल?

४. ती एकाला मिळाली, तर बाकीच्यांना करण्यासारखं काय उरेल?

५. तिचा शेवट कसा होईल?

पाचवा प्रश्न बहुतेक जण विसरतात. महाभारत विसरत नाही. खांडववनाच्या वेळी अग्नीनं वरुणाकडून मागून दिलेलं गांडीव अर्जुन आयुष्यभर वापरतो. कृष्णाच्या निधनानंतर द्वारकेतल्या लोकांना घेऊन जाताना लुटारू आडवे येतात, तेव्हा त्याच अर्जुनाला धनुष्याची दोरी चढवणं जड जातं आणि अक्षय भाते रिकामे होतात. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी समोर उभा राहतो आणि ज्याचं धनुष्य त्याला परत द्यायला सांगतो. अर्जुन गांडीव आणि भाते पाण्यात सोडतो. शेवटच्या बैठकीत आपलं लाडकं शस्त्र असं परत करायची वेळ आली, तर खेळाडू ती कॅम्पेन सहजासहजी विसरणार नाहीत.