बेसचा डबा घेताना

लग्नसराई आली की गंगाखेडात माझे जुने विद्यार्थी विचारतात, “सर, सबवूफर अ‍ॅक्टिव्ह घ्यावा की पॅसिव्ह?”

अ‍ॅक्टिव्ह डब्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, म्हणून त्याला विजेची पिन लागते. बेस कमी-जास्त करायचे बटणही त्याच्यावरच असते. पॅसिव्ह म्हणजे नुसता स्पीकर. ताकद बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून तारेने येते. तिथे ओहम आणि वॅट जुळले पाहिजेत. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ८ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमचा डबा जोडला, तो तापून बंद पडला. पुढचे गाणे मुलांनी टाळ्यांवर म्हटले. (छानच झाले!)

मोठ्या मंडपाचे जाणकार बघतील, घरात मात्र मी अ‍ॅक्टिव्हच घेईन. बयान ऐकताना बोलणारा स्पष्ट हवा, बेस नको. तेवढा बेस वेगळा उतरवता येतो. शिवाय ५० हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास ७ मीटर लांब असते, विटांची भिंत तिला फारशी अडवत नाही. शेजारी शब्द पोहोचत नाहीत, धमधम पोहोचते. उघड्यावरच्या लाऊडस्पीकरला रात्री १० नंतर कायद्याने बंदी आहे, घरातल्या डब्याचे आपणच बघायचे.

आमच्याकडे इशानंतर ते बटण शून्यावर असते. भिंतीपलीकडे खाला आजारी आहेत.